साठ फॉर्म आणि एक म्हैस

ही गोष्ट मी पंचेचाळीस वर्षं सांगतो आहे आणि पंचेचाळीस वर्षं टाळतो आहे. सांगतो ती म्हशीची गोष्ट. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या सहलीत, बायकोच्या माहेरी, कुठेही सांगितली तरी लोक पोट धरून हसतात. गोष्टीत एक विक्षिप्त सर असतात. ते साठ माणसांच्या नावाने स्वतःच खोटे फॉर्म भरतात आणि विद्यार्थ्यांच्या साध्यासुध्या सिनेमाच्या सुरुवातीला एक म्हैस घुसवतात.

गेल्या महिन्यात एका साखरपुड्यात एका तरुण मुलाने ती मलाच सांगितली. "काका, तुम्हाला ते म्हैसवाले सर माहितीयेत का?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो आणि जेवलो नाही. सत्तरी आली, आता टाळायलाही फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून लिहायला बसलो आहे. त्या गोष्टीत एक माणूस चुकीच्या जागी उभा आहे, त्याला बाजूला करायचं आहे.

सरांचं नाव मी लिहिणार नाही. माझ्यामुळे त्यांच्यापेक्षा त्यांची म्हैस प्रसिद्ध झाली. निदान नाव तरी स्वच्छ राहू दे.

सर आम्हाला सिनेमाच्या अभ्यासक्रमात 'प्रेक्षक' हा विषय शिकवायचे. बाकीचे शिक्षक कॅमेरा, प्रकाश, संकलन असं काहीतरी भारदस्त शिकवत. सर खुर्चीतला माणूस शिकवत. त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका थिएटरात, पहिल्या रांगेत, पडद्याकडे पाठ करून बसलेले. गुडघ्यावर वही, हातात लाल कागद लावलेली बॅटरी, मनगटावर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ. दारावरचा माणूस येऊन म्हणाला, "अहो, पडदा तिकडे आहे."

"तो मी बघितलाय," सर म्हणाले. "लोक बघायचे राहिलेत."

त्या काळी थिएटरात भुईमुगाच्या शेंगा चालत. सरांचा सगळा सिद्धांत त्या शेंगांवर उभा होता. सिनेमा सुरू झाल्यावर शेंगा फुटल्याचा आवाज किती वेळ येतो, हे ते घड्याळ लावून मोजत. "शेंगा थांबल्या, की सिनेमा सुरू झाला," ते वर्गात सांगायचे. "त्याच्या आधी नुसता दिवा लागलेला असतो." खेळ सुटल्यावर ते रांगारांगांतून वाकून फोलपटं बघत फिरायचे. झाडूवाल्या बाईंना पहिल्यांदा वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय. मग त्याही सांगू लागल्या, "आज मागल्या बाजूला लई कचरा हाय सर, पडलंय पिक्चर."

एकदा एका गृहस्थांच्या शेंगा शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. सरांनी त्यांना बाहेर गाठलं. "सिनेमा आवडला नाही का आपल्याला?"

"आवडला की."

"मग शेंगा का थांबल्या नाहीत?"

"संपल्या नाहीत म्हणून."

सरांनी तिथेच वहीत लिहिलं, 'अपवाद: मोठी पुडी.'

हे खूळ थिएटरापुरतं नव्हतं. वर्गात ते रोज वेगळ्या तऱ्हेने शिरत. कधी खोकत, कधी उलटे चालत, एकदा तर खिडकीतून. मग चिठ्ठ्या वाटत: 'मी आलो हे तुम्हाला कधी कळलं?' भाजीवालीलाही सोडत नसत. "मी समोर आलो तेव्हा आधी काय बघितलंस?" ती म्हणाली, "पिशवी." "का बरं?" "मोठी हाय का बारीक, त्ये बघितलं." सर आठवडाभर तेच सांगत फिरत होते. "बघा! माणूस आधी चेहरा बघतो म्हणतात. पिशवी बघतो, पिशवी!"

त्यांच्या लग्नाची हकिगत काकूंनीच आम्हाला सांगितली. "मुलगी बघायला आले, पोहे खाल्ले आणि खिशातून सात चिठ्ठ्या काढल्या. 'मी उंबऱ्यातून आत आलो तेव्हा कसा वाटलो?' बाबांना, आईला, आत्याला, सगळ्यांना एकेक. पेन्सिलीसुद्धा आणल्या होत्या."

"मग?"

"सहा जणांनी 'बरा'वर खूण केली."

"आणि तुम्ही, काकू?"

"मी 'सांगता येत नाही'वर खूण केली. अजून बदललेली नाही."

माझ्या अक्षरावरही सरांचा डोळा होता. माझी ओळ कोऱ्या कागदावर डावीकडे सुरू होते आणि उजवीकडे जाईपर्यंत बोटभर वर चढते. वही परत देताना ते म्हणायचे, "तुझा निबंध वाचला की कात्रजचा घाट चढल्यासारखा दम लागतो." हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या विभागप्रमुखांना सरांचा विषय डोळ्यांसमोर नको असे. "प्रेक्षकाला विचारून सिनेमा काढायचा, म्हणजे पेशंटला विचारून ऑपरेशन करायचं," ते म्हणत. सरांची नेमणूक कायम नव्हती. दर वर्षी नव्याने कागद निघायचा. त्या वर्षी प्रमुखांनी स्पष्टच सांगितलं, "तुमच्या पद्धतीने एक सिनेमा सुरू करून दाखवा. जमलं तर विषय राहील. नाही जमलं, तर तुम्हीही नाही."

तो सिनेमा माझा होता. दहा मिनिटांचा, अभ्यासक्रमाच्या शेवटी करायचा असतो तो. गोष्ट मीच लिहिली होती. एका माणसाकडे दुसऱ्याची छत्री बरीच वर्षं राहून गेलेली असते, आणि एके दिवशी तो ती परत करायला निघतो. एवढंच. कॅमेऱ्यावर होता रफिक, माझा वर्गमित्र. त्याच्या मामूंचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता.

सर म्हणाले, "सुरुवातीला काय दाखवायचं ते आपण ठरवायचं नाही. ज्यांनी सिनेमावर एक अक्षर वाचलेलं नाही, अशा साठ माणसांना विचारायचं. मार्केट यार्डात जा. हमाल, अडते, टेम्पोवाले, जो भेटेल तो." त्यांनी फॉर्म स्वतः सायक्लोस्टाइल करून आणले. त्यात प्रश्न होता, 'पडदा उजळल्यावर सगळ्यात आधी काय दिसावं असं आपल्याला वाटतं?' खाली दोन ओळींची कोरी जागा आणि उत्तर देणाऱ्याचं नाव. प्रत्येकाकडून त्याच्याच अक्षरात फॉर्म भरून घेण्याचं काम रफिककडे होतं. पण त्याला ताप आला आणि फॉर्म माझ्याकडे आले.

मी गेलो. ते खोटं नाही. सकाळी सहाला यार्डात उभा होतो, हातात साठ फॉर्म. पहिल्याच हमालाला म्हटलं, "नमस्कार, आपल्याला सिनेमाच्या सुरुवातीला..." पाठीवर पोतं घेऊन तो पळत होता. "सुरवात मागनं कर, आदी बाजूला हो!" दुसऱ्या एका अडत्याने फॉर्म उलटसुलट करून विचारलं, "म्युनिसिपालिटीचा हाय का?" मी नाही म्हटल्यावर त्याने त्यात मिरच्या बांधून गिऱ्हाइकाला दिल्या. तिसऱ्यासमोर माझं तोंडच उघडेना. मी भिडस्त होतो, आणि त्याहून जास्त गर्विष्ठ. माझ्या सिनेमाची सुरुवात पोती वाहणाऱ्यांनी ठरवायची, हे मला मनातून पटलेलंच नव्हतं.

मिरच्यांच्या फॉर्मची जागा भरायला मी एक कोरा कागद घेतला आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसलो. चहा मागवला, पेन काढलं आणि साठही फॉर्म बसल्या बैठकीत भरले. नावं सातवी 'ब'च्या हजेरीतली घेतली. मास्तर जसे पुकारायचे तशी एकामागून एक आठवत गेली. फक्त आडनावांची अदलाबदल केली. उत्तरं सुरुवातीला मन लावून दिली. समुद्र. देऊळ. रडणारी बाई. दहाव्या फॉर्मला डोकं रिकामं झालं. हॉटेलासमोर एका गवळ्याची म्हैस बांधलेली होती, ती माझ्याकडे बघत रवंथ करत होती. मी लिहिलं, 'म्हैस.' मला हसू आलं. पुढच्यातही लिहिलं. मग 'काळी म्हैस', 'म्हैस, पण जवळून', 'एखादी म्हैस असल्यास बरे'. दुपारी मोजल्या तेव्हा साठात सदतीस म्हशी होत्या.

वाटलं, सर हसतील, माझा कान धरतील, 'जा, खरे भरून आण' म्हणतील. पण सरांना विनोद कळला की ते हसत नसत, त्याची नोंद करत. आणि इथे तर त्यांना विनोद दिसलाच नाही. ते माणसांची उत्तरं वाचत. अक्षराकडे त्यांचं लक्ष फक्त आमच्या वह्यांत जाई. शेवटचा फॉर्म खाली ठेवला तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"म्हैस," ते हळूच म्हणाले. "आपल्याला सात जन्मात सुचली नसती रे."

रफिक माझ्याकडे बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "त्या दिवशी तू मामूंच्या गाळ्यावर चहाला पण आला नाहीस. साठ माणसं कुठे भेटली तुला?"

"फिरलो," मी म्हटलं.

"अच्छा. आणि सदतीस जणांना म्हैस?"

"लोकांचं काय सांगावं."

"हो ना," रफिक म्हणाला. "लोकांचं खरंच काही सांगता येत नाही."

तेव्हा सांगून टाकता आलं असतं. पण सर दुसऱ्या दिवशी बिबवेवाडीला जाऊन म्हैस ठरवूनच आले.

शूटिंगची मजा मी हजार वेळा सांगितली आहे. त्यातलं सगळं खरं आहे. म्हशीने सात सेकंद स्थिर उभं राहून मग मान वळवायची, असं सरांनी ठरवलेलं. म्हैस अडीच तास स्थिर उभी राहिली. मग तिने मान वळवली ती शेपटीकडे. सर तिच्यासमोर उभे राहून स्वतः मान वळवून दाखवत होते. म्हशीची मालकीण, एक सणसणीत मावशी, गोठ्याच्या दारातून बघत होती.

"काय करून ऱ्हायलेत हे?" तिने मला विचारलं.

"सिनेमा."

"मंग तिला इचारलं का?"

सरांनी हे ऐकलं आणि गंभीरपणे उत्तर दिलं, "तिचा फॉर्म नाही भरला, मावशी. राहिलं खरं."

शेवटी म्हैस वळली, दोन पावलं पुढे आली आणि तिने कॅमेऱ्याची काच चाटली. सर आनंदाने ओरडले, "हेच! 'म्हैस, पण जवळून'! फॉर्ममध्ये आहे!" त्या सगळ्यात आमची एवढी फिल्म खर्च झाली, की छत्री परत देण्याचा शेवटचा प्रसंग चित्रित करायला फिल्मच उरली नाही. माझ्या सिनेमातला माणूस छत्री घेऊन निघतो, चालतो आणि पडदा काळा होतो. रफिक म्हणाला, "म्हशीने शेवट खाल्ला."

सिनेमा कुठे दाखवायचा, हे सरांच्या मते उघड होतं. ज्यांनी सुरुवात सुचवली त्यांना. यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मामूंच्या गाळ्याचं शटर ओढून घेतलं, भिंतीवर चादर लावली, पोत्यांवर चाळीसेक माणसं बसली. विभागप्रमुख एका खुर्चीवर रुमाल नाकाला लावून बसले होते. मामूंनी सगळ्यांना शेंगा वाटल्या होत्या. सरांनी सांगून ठेवलं होतं. मी दाराशी उभा होतो. पळून जायला ती जागा बरी होती, पण शटर बंद होतं.

सुरू करण्याआधी सरांनी खिशातून यादी काढली. "ज्यांनी फॉर्म भरले त्यांचे आभार मानतो. नाव घेईन त्यांनी कृपया उभं राहावं." आणि ते माझी सातवी 'ब' पुकारू लागले. एक नाव. कुणी नाही. दुसरं. कुणी नाही. सर चष्मा पुसून पुन्हा वाचू लागले. अकराव्या नावाला ते म्हणाले, "ज्ञानोबा शिंदे."

एक धिप्पाड हमाल अर्धवट उठला. "ज्ञानोबा हाय मी. पन शिंदे न्हाई."

"तुम्ही फॉर्म भरला होता का?"

"कसला फारम? रेशनचा?"

गाळा हसला. सरांनी यादी घडी करून खिशात ठेवली. प्रोजेक्टर सुरू झाला. चादरीवर म्हैस आली. भली मोठी, काळी, ओल्या नाकाची.

शेंगा थांबल्या नाहीत. उलट वाढल्या. म्हशीने काच चाटली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "धार काढायची हाय का आता?" मग छत्रीवाला माणूस आला, चालला, आणि पडदा काळा झाला.

सर पुढे आले. त्यांनी ज्ञानोबांनाच विचारलं, "सुरुवात कशी वाटली?"

"खरं सांगू का, सर? म्हस आमी रोज बघतोय. हितं बसून बी म्हसच बघायची व्हय?"

"मग काय बघायला आवडलं असतं?"

ज्ञानोबांनी विचार केला. तोंडातली शेंग चावून संपवली. "त्यो मानूस कुटं निघालाय, त्ये आदी दावा. कुनाची छत्री हाय ती. म्हंजी मग पोचतोय का न्हाई, त्याचा घोर लागंल आमाला."

एवढ्या वर्षांत मी सिनेमाच्या सुरुवातीबद्दल याहून शहाणं वाक्य ऐकलेलं नाही. मी ज्याच्यासमोर तोंड उघडू शकलो नव्हतो, तो तिसरा माणूस म्हणजे हेच ज्ञानोबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुखांनी सरांना आणि मला बोलावलं. टेबलावर साठ फॉर्म मांडलेले होते. "साठ माणसं," ते म्हणाले, "आणि साठांच्याही ओळी उजवीकडे चढत जातात. मार्केट यार्डात उतार आहे का हो?" मग माझ्याकडे वळले. "हे कुणी भरले?"

खोटे फॉर्म भरणाऱ्या विद्यार्थ्याचं पुढे काय होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. वर्ष जायचं, कदाचित नावच कमी व्हायचं. माझ्या तोंडून वाक्य बाहेर पडलं ते अगदी सरळ, न अडखळता. यार्डात अशी चार वाक्यं बोललो असतो तर काही झालंच नसतं.

"मी कोरे फॉर्म सरांना परत केले होते. पुढचं मला माहीत नाही."

सरांनी वरचा एक फॉर्म उचलला. माझ्यासमोर त्यांनी पहिल्यांदाच फॉर्मवरचं उत्तर सोडून अक्षर बघितलं. घाट ओळखायला त्यांना एक सेकंदही लागला नसेल. ते माझ्याकडे बघतील म्हणून मी खिडकीबाहेर बघत होतो.

"मी भरले," सर म्हणाले.

"तुमचं अक्षर असं नाही."

"डाव्या हाताने भरले."

"आणि कशासाठी?"

सरांनी फॉर्म नीट जागेवर ठेवला. "मला म्हैस हवी होती."

प्रमुखांना हसू आवरेना. खरं तर त्या क्षणी ते वाक्य हसण्यासारखंच होतं. गोष्टीत मी ते नेहमी शेवटी ठेवतो.

बाहेर जिन्यात सर मला काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "ज्ञानोबा जे म्हणाला, ते लिहून घेतलंस ना?" मी हो म्हटलं. तेही खोटं होतं, पण ते वाक्य मी विसरलो नाही. पुढच्या महिन्यात सर संस्थेत नव्हते. रफिक माझ्याशी बोलायचा थांबला. त्याने काही विचारलं नाही, सांगितलं नाही, थांबला. मी पास झालो आणि जाहिरातींच्या एका कंपनीत लागलो. लोकांना विचारून जाहिरातीची सुरुवात ठरवायची, हे माझं काम. तीस वर्षं केलं. शेंगांचा सिद्धांत मी मोठमोठ्या मीटिंगांत माझा म्हणून सांगितला.

सरांकडे मी एकदाच गेलो. ते वारज्याला फ्लॅटमध्ये राहत होते आणि शाळेच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत. माफीची तीन वाक्यं मी रिक्षात पाठ केली होती. दार काकूंनी उघडलं. "या! सांगता येत नाही असे दिवस आलेत, तुम्ही चक्क आमच्याकडे!"

सर म्हातारे झाले होते, पण मनगटावर तेच घड्याळ होतं. काकूंनी भाजलेल्या शेंगा समोर ठेवल्या. सर शिकवणीतल्या मुलांबद्दल बोलले, त्यातल्या एकाचा वर्गमूळ काढायचा स्वतःचा प्रकार कसा चुकीचा पण सुंदर आहे ते बोलले. मी दोन शेंगा फोडल्या. तिसरी बोटांत धरून बसलो. पहिलं वाक्य ओठांवर आलं की सर नवीन काहीतरी सांगायला लागत. किंवा मीच काही विचारत असेन, आता आठवत नाही. तास झाला. मी उठलो.

"थांब, फॉर्म भरून जा," सर म्हणाले. घरी येणाऱ्या प्रत्येकाकडून ते फॉर्म भरून घेत. तीन प्रश्न होते. 'दार उघडल्यावर आधी काय दिसलं?' मी लिहिलं, 'काकू.' 'पहिलं वाक्य कोण बोललं?' 'काकू.' तिसरा प्रश्न होता, 'जे बोलायला आलात, ते किती मिनिटांनी बोललात?' खाली दोन ओळी कोऱ्या. मी त्या तशाच ठेवल्या आणि फॉर्म दिला.

सरांनी तो डोळ्यांजवळ नेला. "ओळ अजून चढावरच आहे तुझी," ते म्हणाले आणि फॉर्म फायलीत लावला.

सर गेले तेव्हा मी परगावी होतो. दोन महिन्यांनी काकूंना भेटायला गेलो तर त्यांनी कपाटातून तो फॉर्म काढून माझ्या हातात ठेवला. "हे सांगून गेलेत, तो आला तर त्याला परत दे. अर्धवट भरलाय म्हणाले."

तिसऱ्या प्रश्नासमोर, समासात, सरांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंद केली होती: 'बोलला नाही. पण तिसऱ्या शेंगेला थांबला.'

फॉर्म आत्ता माझ्यासमोर आहे. दोन ओळींची जागा आहे, तेवढी पुरते.

सर, साठही फॉर्म मी भरले होते आणि त्या दिवशी टेबलासमोर मी खोटं बोललो. मला माफ करा.